चिपट्यानं मोजलेला पाऊस

अन्याय झाला तो कौसल्या सीताराम ओव्हाळ या बाईंवर, आणि तो झाला शुक्रवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, लोणावळ्यातल्या एका बड्या हॉटेलच्या गार सभागृहात, भरल्या खुर्च्यांच्या साक्षीनं. त्या खुर्च्यांपैकी एका खुर्चीवर मी होते. तिसरी रांग, खिडकीच्या बाजूला. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण त्या क्षणी मी स्टेजकडे बघायचं टाळत होते आणि बघण्यासारखी दुसरी वस्तू म्हणजे भिंतीवरचं घड्याळ होतं. आत्मकथन म्हातारपणी लिहायचं असतं असं मला सांगण्यात आलंय. मी एकतीस वर्षांची आहे. पण मावशीचं वय थांबून राहत नाही, आणि तिच्या देखत लिहायचं तर आत्ताच लिहिलं पाहिजे. ती गेल्यावर लिहिलं तर ते लगेच सुंदर व्हायला लागेल, आणि हे प्रकरण सुंदर नाही.

कौसल्याबाई म्हणजे माझी मावशी. आमचं घर कामशेतला. कॉलेज लोणावळ्यात मिळालं म्हणून आईनं मला कुसगावला मावशीकडे ठेवलं. मावशी राहायची एका सरकारी विश्रामगृहाच्या आवारात, चौकीदाराच्या खोलीत. विश्रामगृहात विश्रांतीला कुणी येत नसे. आवारात माकडं, चौकीदाराच्या खोलीत मावशी, आणि बाकी सगळी जागा सरकारच्या प्रतिष्ठेची. खोलीला पत्रा. जून ते सप्टेंबर आम्ही एकमेकींशी ओरडूनच बोलायचो, इतका तो वाजायचा. ऑक्टोबरात पाऊस थांबला की आठवडाभर दोघी उगाच ओरडत असायचो. घाट चढणाऱ्या मालगाडीला मागून ढकलणारी इंजिनं रात्रंदिवस धापा टाकायची. जेवायला तांदळाची भाकरी, सुकट, आणि ओढ्याला चिंबोऱ्या चढल्या की त्यांचं लालभडक कालवण. चिंबोरी फोडताना बोलायचं नाही हा मावशीचा नियम. "त्वांड एकाच कामाला वापर," म्हणायची. मी तेव्हा भाषणं करायला लागले होते, त्यामुळे हा टोमणा मी नेहमी अंगाला लावून घ्यायचे.

सकाळी बुद्धवंदना, मग बिनदुधाचा चहा, आणि आठ पंचविसाला घरातलं सगळं बंद. आवाराच्या मधोमध छोट्या कुंपणात पर्जन्यमापक होता. वर नरसाळं, आत बाटली. बरोबर साडेआठला मावशी बाटली काढायची, पाणी मापाच्या काचेच्या ग्लासात ओतायची, गुडघे मोडून ग्लास डोळ्यांच्या पातळीला आणायची, आकडा मोठ्यानं म्हणायची आणि कार्बन घातलेल्या छापील फॉर्मवर लिहायची. मग पावसाची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाला फोन. ताप असो, गुडघा सुजलेला असो, भाचीचा साखरपुडा असो (माझा, तो मोडला, तो निराळा विषय आहे), साडेआठ म्हणजे साडेआठ. उद्या पेपरात लोणावळा परिसरातला म्हणून जो पाऊस तुम्ही चहाबरोबर वाचता, त्यातला काही या बाईच्या गुडघ्यांतून आलेला आहे.

फॉर्मवर वर एक ओळ होती: निरीक्षकाचे नाव. तिथं मावशी लिहायची, सीताराम धोंडू ओव्हाळ. हे माझे काका. चौकीदार ते, आणि निरीक्षकही तेच. जिवंत असतानाही साडेआठला ते कधी उठले नव्हते, पण निदान त्या घरात झोपलेले तरी असत. ते वारल्यावर मावशी दाखला घेऊन कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि समजावून सांगितलं, "बाई, नाव बदलायचं म्हणजे नवी नेमणूक. नवी नेमणूक म्हणजे चौकशी. चौकशी झाली की ती खोली कुणाच्या हक्कात हे निघणार. कशाला? सध्या चालू द्या." ते सध्या अजून चालू आहे. सीतारामकाका मेल्यापासून फार नियमित झाले. एक दिवस खाडा नाही.

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा एकोणीस-वीसची, आणि रिसॉर्टांसाठी फोडले जाणारे डोंगर वाचवणाऱ्या आमच्या मंडळाची पत्रकं मी लिहायचे. पत्रकाची एक शिस्त असते: मुद्दे चार, उद्गारचिन्हं आठ, आणि दुसऱ्या मुद्द्यात एक मोठा माणूस. आमच्या गुलाबी पत्रकातला मोठा माणूस म्हणजे हवामानाचा एक जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. त्यांना नाव भरपूर मिळालेलं आहे. या प्रकरणात ज्याचं नाव लागायचं राहिलंय ते दुसरंच कुणी आहे. तर या प्रोफेसरांचा एक गाजलेला सिद्धांत होता, की मी मावशीकडे येण्याच्या बऱ्याच आधी दोन वर्षं मावळातल्या एका पट्ट्यातल्या पावसानं 'विश्रांती' घेतली. शेजारच्या पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस नेहमीसारखा, आणि या पट्ट्यात मात्र आठवा हिस्सा कमी. का? तर वारे, समुद्राचं तापमान आणि डोंगराचा आकार यांचा एक दुर्मिळ मेळ. त्या मेळावर त्यांनी देशोदेशी भाषणं दिली. मी फक्त एक वाक्य जोडलं: 'डोंगर फोडाल तर ही विश्रांती कायमची होईल!!' कामशेतच्या बाजारात, पवनानगरच्या जीपांत, हॉटेलांच्या फाटकांवर, सगळीकडे हे पत्रक मी स्वतः वाटलं. बुधवारच्या फेरीसाठी नवा गठ्ठा खाटेखाली ठेवलेला होता. त्याच खाटेखाली मावशीची ट्रंक होती. हे लक्षात ठेवा.

बुधवारी सकाळी मावशीचा गुडघा जास्तच धरलेला, म्हणून कुंपणात मी उतरले होते आणि ती दारातून हुकूम सोडत होती. पाऊस बारीक होता. आठ सत्तावीसला फाटकातून एक साठीपुढचा माणूस आत आला. भारी बूट, भली थोरली छत्री, गळ्यात कसलंसं ओळखपत्र उलटं पडलेलं. आवारात रोज कुणीतरी घुसायचं, कुणाला धबधब्याची वाट हवी असायची, कुणाला आडोसा. हा मात्र सरळ कुंपणाशी आला आणि नरसाळ्यावर वाकला.

"ओ आबा!" मावशी दारातून ओरडली. "छत्री मिटा आदी. तुमच्या छत्रीचं पानी पडंल माज्यात."

तो दचकला. त्यानं छत्री मिटली आणि मुकाट्यानं भिजत उभा राहिला. "बरोबर आहे," तो म्हणाला. "माझं चुकलं."

मला वाटलं, हा कुण्या रिसॉर्टवाल्याचा जागा बघणारा. मी काम थांबवलं नाही, पण पिशवीतलं एक पत्रक त्याच्या हातात कोंबलं. "जागा बघायला आला असाल तर आधी हे वाचा. दुसरा मुद्दा मुद्दाम."

त्यानं चष्मा पुसून दुसरा मुद्दा वाचला. मग परत वाचला. "हे शेवटचं वाक्य त्यांनी कुठं लिहिलंय?"

"तुम्ही त्यांना वाचलंय का?"

"थोडंफार."

"मग पूर्ण वाचा आणि मग बोला," मी म्हणाले. उद्गारचिन्हासकट म्हणाले.

"प्रज्ञे, साडेआट झालं!" मावशी किंचाळली. मी बाटली काढली, ग्लासात ओतली, गुडघ्यावर बसले. तो माणूसही चिखलात माझ्या शेजारी गुडघ्यावर बसला, आणि ग्लासातला आकडा आम्ही दोघांनी एकदमच म्हटला. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. त्याच्या गळ्यातलं ओळखपत्र सुलटं झालं होतं. त्यावर माझ्या दुसऱ्या मुद्द्यातलं नाव होतं.

लोणावळ्यातल्या हवामानाच्या परिषदेसाठी ते हॉटेलात उतरले होते, फिरायला म्हणून बाहेर पडले होते, आणि रस्त्यावरून कुंपणातला पर्जन्यमापक दिसला म्हणून आत आले होते. केंद्राचं नाव पाटीवर वाचलं तेव्हा ते थबकले. ज्या पट्ट्यावर त्यांनी आयुष्यातली बरीच वर्षं घालवली, तो पट्टा म्हणजे मुख्यतः आमचं हे आवार होतं. त्यांनी ते आजवर कधी पाहिलं नव्हतं. मावशीनं त्यांना पुसायला टॉवेल दिला, बिनदुधाचा चहा दिला, भाकरी आणि रात्रीचं चिंबोरीचं कालवण पुढं केलं. जगप्रसिद्ध माणूस नांगी फोडायला लागला आणि फोडता फोडता बोलायला लागला. मावशीनं त्यांनाही नियम ऐकवला. ते हसले आणि गप्प बसून जेवले. इतका चांगला माणूस मी फार कमी पाहिला. हे मी उपरोधानं लिहीत नाही. उपरोध पुढे आहे.

हात धुतल्यावर त्यांनी विचारलं, "मावशी, मधे दोन वर्षं इथं पाऊस कमी झाला होता. तुम्हाला आठवतं?"

"कमी?" मावशी म्हणाली. "कवा? एकदा तर न्हानी वाहून गेलती. कमी म्हनं."

"आकड्यांत कमी आहे."

मावशीनं क्षणभर विचार केला, मग कपाळावर हात मारला. "आरं द्येवा! त्ये व्हय! तवा ग्लास कुटं व्हता! माकडानं फोडला न्हाई का!"

मग तिनं खाटेखालची ट्रंक ओढायला सांगितली. पत्रकांचा गठ्ठा मी बाजूला सरकवला. ट्रंकेत महिन्यामहिन्याच्या फॉर्मांच्या कार्बन प्रती, दोऱ्यानं बांधलेल्या. ती गोष्ट अशी. माकडानं ग्लास फोडला. मावशीनं नवा मागितला. कार्यालयानं कळवलं, फुटलेल्या ग्लासचे तुकडे जमा करा. तुकडे माकडानं विश्रामगृहाच्या कौलांवर नेले होते. पत्रव्यवहार सुरू झाला आणि दोन पावसाळे चालला. पाऊस मात्र पत्रव्यवहारासाठी थांबत नाही. म्हणून मावशीनं घरातलं तांदूळ मोजायचं पितळी चिपटं घेतलं. फोनवर विचारलं, चिपट्याचे किती मिलिमीटर धरू? पलीकडून उत्तर आलं, "धरा की दहा." तिनं धरले. पण मावशी ती मावशीच. फॉर्मच्या शेवटी शेरा म्हणून एक रकाना असतो. तिथं तिनं रोज लिहिलं: 'ग्लास माकडाने फोडला. चिपट्याने मोजले.' रोज. दोन पावसाळे. आणि नवा ग्लास आला त्या दिवशी तिनं पहिलं काम काय केलं, तर त्या ग्लासनं चिपटं मोजलं आणि शेऱ्यात लिहिलं: 'चिपटे दहाचे नाही, साडेअकराचे आहे. मागील सर्व आकडे त्याप्रमाणे वाढवून घ्यावेत.'

प्रोफेसरांनी ती प्रत दाराच्या उजेडात धरून वाचली. पत्रा वाजत होता. "आमच्याकडे जी यादी आली," ते म्हणाले, "तिच्यात शेऱ्याचा रकानाच नव्हता."

"टाईप करनाऱ्याला कटाळा आला आसंल," मावशी समजूतदारपणे म्हणाली.

"तुम्ही जे केलंत ना, माप मापानं तपासणं, ते आमच्या प्रयोगशाळेत करायला लोकांना शिकवावं लागतं. चूक माझी आहे, मावशी. मी इथं यायला हवं होतं. शुक्रवारी समारंभ आहे, निरीक्षकांचे सत्कार आहेत. मी तिथं हे सगळ्यांसमोर सांगतो. आणि त्या फॉर्मवर तुमचं नाव लागेल, हे मी बघतो."

"खोलीला काय व्हनार न्हाई नव्हं?"

"काही होणार नाही."

मावशीनं त्या दोन दिवसांत इस्त्रीची साडी तीनदा उघडून पाहिली. आणि मी? मी खाटेखालच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. जन्मभर मी ओरडत आले की सत्तेला सत्य झोंबतं. ते कुणालाही झोंबतं, पत्रकाला सगळ्यात आधी. दुसरा मुद्दा गेला तर रिसॉर्टवाले आम्हाला फाडून खाणार होते: 'यांचा शास्त्रज्ञ म्हणजे यांच्या मावशीचं चिपटं!' एवढी वर्षं मी त्या ट्रंकेवर पाय ठेवून खाटेवर चढत होते आणि शेरा वाचला नव्हता. कारकुनानं वाचला नाही, त्याला निदान पगाराचं निमित्त होतं. प्रोफेसर जाताना मला म्हणाले होते, "तुमचं पत्रक छान लिहिलेलं आहे." त्या एका वाक्यावर मी दोन दिवस काढले. शुक्रवारी निघताना गठ्ठ्यातली शंभरेक पत्रकं मी पिशवीत घातलीसुद्धा.

शुक्रवारी सभागृहात मावशीला शेवटच्या रांगेत जागा मिळाली, मला ओळखीमुळे तिसऱ्या. आधी प्रोफेसरांचं भाषण. ते सुंदर बोलले. सह्याद्री, मोसमी वारे, मानवाची जिज्ञासा. मग पाण्याचा एक घोट घेतला आणि म्हणाले, "अलीकडेच आमच्या लक्षात आलं आहे की ग्रामीण निरीक्षकांच्या मोजमापात काही त्रुटी राहून जातात. काही जुन्या निष्कर्षांकडे त्या दृष्टीनं पुन्हा पाहावं लागेल. स्वतःला सुधारत राहणं हेच विज्ञानाचं सौंदर्य आहे." टाळ्या. लोकांना सौंदर्य फार आवडलं. दोन दिवसांत त्यांची चूक सभागृहातून निघून कुसगावात आली आणि मावशीच्या चिपट्यात बसली.

टाळ्या ओसरल्यावर निवेदक सत्काराची यादी वाचायला लागला. "उत्कृष्ट निरीक्षक, सलग आणि अखंड नोंदींसाठी, श्री. सीताराम धोंडू ओव्हाळ!" कुणी आलं नाही. "श्री. ओव्हाळ यांनी मंचावर यावं." कुणी आलं नाही. निवेदक हसला. "पावसामुळे अडकले असतील बहुतेक!" सभागृह हसलं.

"पावसामुळं न्हाई," शेवटच्या रांगेतून आवाज आला. "वारलं ते."

अकरा वाजून दहा मिनिटं.

मावशी गुडघा धरत मधल्या वाटेनं पुढे आली. निवेदक सावरला. "अरेरे. मग आपण त्यांच्या पत्नी ना? त्यांच्या वतीनं स्वीकारा."

"त्यांच्या वतीनं लय वर्षं केलं," मावशी म्हणाली. "पाऊस मी मोजते. माज्या वतीनं काय आसंल तर द्या." आणि मग स्टेजकडे मान वर करून, "आबा, बुधवारी तुमी काय म्हनला व्हता?"

प्रोफेसरांनी हातातल्या गुच्छाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ती नजर मला अजून आठवते. तिच्यात दरडावणी नव्हती, विनंती होती. त्यांना माझा दुसरा मुद्दा पाठ होता. बुधवारी त्या खोलीत तीन माणसं होती. त्यांपैकी एकीनं आत्ता प्रश्न विचारला होता. उरलेल्या दोघांपैकी एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी पुरलं असतं. एकजण गुच्छ बघत होता. दुसरी, जिनं डोंगरासाठी एकदा तहसीलदाराच्या टेबलावर मूठ आपटली होती, ती घड्याळ बघत होती. कुणीतरी मावशीच्या खांद्यावर शाल टाकली, फोटो निघाला, आणि पुढचं नाव पुकारलं गेलं.

घरी आल्यावर शाल तिनं मापाच्या ग्लासला गुंडाळली. "तेवडीच माकडापासनं," म्हणाली. मग चूल पेटवली आणि पाठमोरी राहून विचारलं, "तुजं पत्रक वाचवलंस का गं?"

महिन्याभरात कार्यालयाचं पत्र आलं. सीताराम धोंडू ओव्हाळ यांना. मोजमापातील त्रुटींबाबत सात दिवसांत समक्ष हजर राहून खुलासा करावा, अन्यथा केंद्र बंद करून खोली ताब्यात घेण्यात येईल. मी चार मुद्दे आणि आठ उद्गारचिन्हांचं उत्तर लिहायला बसले. मावशीनं कागद ओढून घेतला आणि दोन ओळी सांगितल्या: 'निरीक्षक वारले आहेत. खुलासा शेऱ्यात आहे.' खाली पहिल्यांदा स्वतःची सही केली. मी त्याला त्या सगळ्या कार्बन प्रतींच्या झेरॉक्स जोडल्या. त्या उत्तराला अजून उत्तर आलेलं नाही. मेलेल्या माणसाला खोलीबाहेर कसं काढायचं, हे कार्यालयाला ठरवता येत नसावं. फॉर्म दर महिन्याला येतात, वर नाव छापूनच येतं आता: सीताराम धोंडू ओव्हाळ. मधे एक स्वयंचलित यंत्रही बसवून गेले. त्याच्या नरसाळ्यात बेडूक बसला की कार्यालयातून फोन येतो, "बाई, जरा तुमचा आकडा सांगता का?"

उरलेल्या गठ्ठ्यातला दुसरा मुद्दा मी आणि मंडळातल्या दोघांनी हातानं खोडला. "मग उरतं काय पत्रकात?" एकानं विचारलं. एक, तीन आणि चार, मी म्हणाले. डोंगर वाचवायला ते पुरत नसतील तर चिपट्यानं चुकलेला पावसाचा आकडाही पुरणार नव्हता. पण आधी वाटलेली पत्रकं परत गोळा करता येत नाहीत. ती अजून मावळात आहेत. कपाटाच्या तळाशी घातलेली, वहीला कव्हर म्हणून लावलेली, जीपच्या टपाला चिकटलेली.

म्हणून हे तुम्हाला. मन द्रवलं वगैरे असेल तर ते राहू द्या. एक काम करा. ते गुलाबी पत्रक तुमच्या घरात असेल तर काढा आणि दुसरा मुद्दा खोडा. नसेल तर पेपरातला आजचा पावसाचा आकडा घ्या. शेजारी, कोऱ्या जागेत, शेरा लिहा: 'हा पाऊस कौसल्या ओव्हाळ यांनी मोजला आहे. निरीक्षक म्हणून त्यांचेच नाव लावावे.' खाली तुमची सही करा आणि पावसाची नोंद ठेवणाऱ्या जवळच्या कार्यालयात नेऊन द्या. पेन्सिलीनं नको, पेनानं लिहा. आणि लिहिताना खाली कार्बन ठेवा. वरची प्रत ते हरवतात.